‘बाहेर’ म्हणजे नक्की कुठे?

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी ‘शाश्वत शहरं’ या विषयावरच्या परिषदेला गेले होते. पंचतारांकित हॉटेल, गारेगार हॉल, प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि स्क्रीनवर हिरव्यागार शहरांची एकापेक्षा एक प्रेझेंटेशन्स. घरी येऊन मी टकाटक ८०० शब्दांचा रिपोर्ट पाठवून दिला. त्यात ‘शाश्वत विकास’ हा शब्द सात वेळा आला होता. (हो, मोजला. फ्रीलान्सरला शब्द मोजायची सवयच असते, पैसे त्याचेच मिळतात!)

त्याच रात्री आमच्या कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये पार्टी. निमित्त रूममेटचं प्रमोशन. बिर्याणी झाली, पिझ्झा झाला, गाणी झाली, खालच्या काकांचा फोनही येऊन गेला. सॉलिड धमाल!

रविवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. कचऱ्याच्या मावशी. मी अर्धवट झोपेत काळ्या पिशवीला गाठ मारली, दाराबाहेर ठेवली आणि परत पांघरुणात शिरले. थोड्या वेळाने चहाची तल्लफ आली, दूध संपलेलं, म्हणून खाली उतरले. बघते तर पार्किंगमध्ये मावशी आमचीच पिशवी सोडून बसलेल्या. बिर्याणीची हाडं, तेलकट पिझ्झाचे खोके, दोन सॅनिटरी पॅड, कांद्याची सालं... आणि रात्री कुणाच्या तरी हातून फुटलेला काचेचा ग्लास. मावशींच्या बोटातून रक्त येत होतं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी बोट पदरात दाबून धरलं आणि म्हणाल्या, “काच तेवढी कागदात गुंडाळून देत जा ताई. बाकीचं काय, आम्ही करतो.”

सात वेळा ‘शाश्वत विकास’, आणि घरात कचऱ्याचा डबा एक!

पाच मार्कांचा प्रश्न

मास कॉमला असताना शाश्वत विकासाची व्याख्या आम्ही पाच मार्कांसाठी पाठ केली होती. १९८७ चा ब्रुंटलँड अहवाल. आजच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवताना अडचण येऊ नये. पुढे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ उद्दिष्टं ठरवली, त्यातलं अकरावं खास शहरांसाठी. पाठ केलं, लिहिलं, विसरलो.

त्या व्याख्येत पुढच्या पिढ्यांची काळजी आहे, ते छानच. पण त्या रविवारपासून माझ्या डोक्यात वेगळाच भुंगा सुरू झाला. याच पिढीतल्या, याच शहराच्या आसपासच्या माणसांचं काय? आपण घरात किती सहज म्हणतो, “कचरा बाहेर ठेव गं.” हे ‘बाहेर’ म्हणजे नक्की कुठे? आमच्या दारापासून दोन फुटांवर माझ्यासाठी ते सुरू होतं आणि तिथेच संपतंही. मावशींसाठी मात्र तिथून कामाचा दिवस सुरू होतो.

म्हटलं, चला, एकदा बघून तरी येऊ.

मावशींबरोबर एक सकाळ

पुढच्या मंगळवारी सकाळी मी मावशींबरोबर फिरले. (“ताई, तुम्हाला वासाने मळमळेल,” असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मळमळलं.) त्या आणि त्यांची जाऊ मिळून आमच्या भागातली जवळजवळ ३०० घरं करतात. लिफ्टने वर, जिन्याने खाली, बादल्या घेऊन. मग एका कोपऱ्यात बसून निवडणं. ओला कचरा घंटागाडीला जातो आणि विकण्याजोगा सुका कचरा त्यांचा. तो भंगारवाल्याकडे विकून मिळतं ते आणि घरामागे महिन्याला मिळतात ते पैसे, ही त्यांची कमाई.

आता यातलं गणित ऐका, कारण ते मलाही माहीत नव्हतं. कोरड्या पुठ्ठ्याला भाव आहे. त्याच पुठ्ठ्यावर चीज आणि तेल सांडलं की तो घाण. धुतलेल्या दुधाच्या पिशवीला भाव आहे, आंबटलेल्या पिशवीला कुणी हात लावत नाही. चिप्सच्या चकचकीत पाकिटाला तर कितीही धुवा, भंगारवाला विचारत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणजे मी आमटीचं भांडं खरकट्यासकट रद्दीवर उपडं करते तेव्हा कुणाचा तरी त्या दिवसाचा पगार कापते. मला महिनाअखेरीला पेमेंट दोन दिवस उशिरा आलं तर मी किती फोन करते, ते आठवलं आणि गप्प बसले.

पुण्याची एक गोष्ट मात्र खरंच अभिमानाची. इथे १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या आणि डॉ. बाबा आढाव यांचं त्यात मोठं योगदान. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. कचराकुंडीत उकिरडा उपसणाऱ्या बायका ओळखपत्र घेऊन आपल्या दाराची बेल वाजवायला लागल्या. हा बदल कुठल्याही प्रेझेंटेशनपेक्षा मोठा आहे, बॉस!

सरकणारं ‘बाहेर’

मावशींच्या बादलीतून घंटागाडीत, तिथून मोठ्या गाडीत भरायच्या ठिकाणी, ज्याला सगळे ‘रॅम्प’ म्हणतात. पुढे? वेगळा आलेला ओला कचरा खत किंवा गॅस करणाऱ्या प्रकल्पांकडे जाऊ शकतो. मिसळलेल्या कचऱ्याचं मात्र कुणालाच धड काही करता येत नाही. पुणे शहरात रोज दोन हजार टनांच्या पुढे कचरा निघतो. रोज, हं!

इथे एक गंमत सांगते. मी मेट्रोला वनाझ स्टेशनवर चढते. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच आम्ही सेल्फी काढून आलो होतो. वनाझच्या जवळच मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात तो डेपो आहे. ती जागा पूर्वी काय होती, ते आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं. कचरा डेपो! एके काळी पुण्याचा कचरा तिथे यायचा, कारण तेव्हा कोथरूड ‘बाहेर’ होतं. मग कोथरूड वाढलं, सोसायट्या आल्या, बिऱ्हाडं आली. रहिवाशांना वास नको होता, आणि त्यात चूक काहीच नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कचरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांकडे जायला लागला.

म्हणजे ‘बाहेर’ संपलं नाही, नुसतं सरकलं.

त्या गावांनी काय पाहिलं? ओला कचरा डोंगरासारखा रचला की आतल्या थरांना हवा मिळत नाही. तो कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो. पृथ्वी तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून जास्त ताकदवान. शिवाय पेट घेणारा. त्यातच कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरींपर्यंत पोहोचतं. फुरसुंगीच्या एका आजींनी मला विहीर दाखवली. लहानपणी त्या याच विहिरीचं पाणी प्यायच्या. मग कित्येक वर्षं पिण्यासाठी टँकरची वाट बघितली. “तुमचा भात आमच्या पाण्यात आला बघ,” त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण मला उत्तर सुचलं नाही.

गावकऱ्यांनी २०१४ मध्ये गाड्या अडवल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा पुन्हा अडवल्या. तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या होस्टेलच्या कोपऱ्यावर ढीग साचलेला, त्यावर पांढरी पावडर मारलेली, आणि आम्ही नाकाला ओढणी लावून म्हणत होतो, “काय हे गाववाले!” तीन आठवड्यांत आम्ही वैतागलो होतो. ते पंचवीस वर्षं वास घेत होते, हे डोक्यातही आलं नाही.

पुढची कथा आणखी भारी. २०१७ मध्येच ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली गेली. मग बाहेर काढायचं ठरलं आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. गाव आत, गाव बाहेर! आता डेपोतले जुने ढीग उपसून, चाळून, कमी करण्याचं काम चालू आहे. आणि त्याच परिसरात उंच टॉवर उभे राहतायत. तुमच्यापैकी कुणी तिथे फ्लॅट बुकही केला असेल. म्हणजे ‘बाहेर’ पुन्हा सरकणार. आता कुठे, हा प्रश्न आहे.

मुंबईकरांनो, हसू नका. तुमचं देवनार १९२७ पासून आहे. तेव्हा तेही बाहेरच होतं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता.

‘आमच्या शेजारी नको!’

यावर उपाय सोपा वाटतो. कचरा लांब न्यायचाच नाही, जिथे निघतो तिथेच जिरवायचा. पण शहरात खरी गोची इथेच होते.

बाणेरचं उदाहरण घ्या. सूस रस्त्यावर हॉटेलांच्या ओल्या कचऱ्याचा रगडा करून तो पुढे गॅससाठी पाठवणारा प्रकल्प होता. आसपास राहणारे बहुतेक तुमच्या-माझ्यासारखेच. ईएमआय भरणारे, सकाळी कॅब पकडणारे. त्यांना वास यायचा. तक्रार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि २०२० मध्ये लवादाने प्रकल्प बंद करून हलवायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणणं असं होतं की प्रकल्प बंद झाला तर पश्चिमेकडचा कचरा अख्खं शहर ओलांडून पार हडपसरच्या बाजूला न्यावा लागेल आणि त्याचा त्रास आणखी जास्त लोकांना होईल. त्याचबरोबर वास आटोक्यात ठेवायच्या उपायांबद्दलही बजावलं.

माझी एक मैत्रीण त्याच बाजूला राहते. तिला मी हा निकाल उत्साहाने सांगायला गेले, तर ती भडकली. “तू ये एकदा पावसाळ्यात, खिडकी उघडून जेवून दाखव!” तिचं खोटं नाही. प्रकल्प नीट चालवला नाही तर वास येतोच, आणि तो ज्याला येतो त्याला आकडेवारी ऐकवून उपयोग नसतो. पुण्यात वॉर्डावॉर्डात छोटे बायोगॅस प्रकल्पही उभे राहिले होते. त्यातले बरेच रखडले किंवा बंद पडले. त्यात प्लास्टिक आणि चमचे आले, तर बिचारं यंत्र तरी काय करणार?

पण मी तिला एकच विचारलं, “तुझ्या घरी ओला-सुका वेगळा करता?” ती म्हणाली, “कामाच्या बाईला सांगितलंय.” मी काही बोलले नाही. दोन आठवड्यांपूर्वी मी कोण लागून गेले होते?

मग अडतंय कुठे?

नियम नाहीत असं नाही. २००० मध्ये होते, २०१६ मध्ये नवे आले, त्यांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितलं. जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालेले नियम तर चार भाग मागतात. ओला, सुका, सॅनिटरी आणि औषधं, बल्ब, रंगाचे डबे वगैरे विशेष काळजीचा कचरा. नियमांचा तुटवडा नाहीच आपल्याकडे. तुटवडा आहे तो संयमाचा. मी ऑफिसवाल्या मित्रमंडळींना विचारत सुटले, तर तीनच उत्तरं फिरून फिरून आली.

एक: “वेगळा करून काय फायदा? गाडीत एकत्रच टाकतात.” काही ठिकाणी हे खरं आहे, आणि तिथे जाब विचारायलाच हवा. पण जाब विचारायचा हक्क आधी वेगळा करणाऱ्याला. शिवाय माझ्या मावशी गाडीच्या आधी निवडतात. माझी निवड सगळ्यात आधी त्यांच्या हातांना उपयोगी पडते.

दोन: “आम्ही भाड्याने राहतो रे, सोसायटीच्या मीटिंगला आम्हाला कोण बोलावतं?” अगदी बरोबर. पण डब्याला लीज अ‍ॅग्रीमेंट लागत नाही.

तीन: “वेळ कुठे आहे?” हे मीही म्हणायचे. मग एकदा घड्याळ लावून बघितलं. तीन डब्यांत टाकायला एका डब्यात टाकण्याइतकाच वेळ लागतो. वेळ लागतो तो फक्त दही-रायत्याची वाटी विसळायला. वीस सेकंद.

आमच्या बाल्कनीतल्या आळ्या

आता प्रांजळ कबुली. जोशात येऊन मी बाल्कनीत कंपोस्टची बादली ठेवली. भोकं पाडलेली, झाकणवाली, एकदम स्टायलिश. दहाव्या दिवशी त्यात पांढऱ्या आळ्या! एक रूममेट किंचाळली, दुसरीने “ती बादली तरी राहील नाहीतर मी” असा अल्टिमेटम दिला. मी रडकुंडीला.

वाचवलं ते वॉचमनकाकांनी. “नुसतं ओलं घातलं की असंच होणार. सुका पाला घाला.” सोसायटीचा जो पालापाचोळा ते रोज सकाळी झाडून पेटवायचे, तोच त्यांनी पोत्यात भरून दिला. एक थर भाजीच्या देठांचा, तेवढाच थर पाल्याचा. आठवड्यात वास गेला. जवळजवळ दोन महिन्यांनी तळाशी जे निघालं त्याला चक्क पहिल्या पावसासारखा मातीचा वास होता. कढीपत्त्याला घातलं. अल्टिमेटम देणारी रूममेट आता ऑफिसमध्ये फोटो दाखवत फिरते!

हाडं आणि उरलेली बिर्याणी मात्र आम्ही त्यात घालत नाही, ती ओल्या बादलीतून मावशींकडेच जाते. आणि एकीच्या रात्री अकराच्या ऑर्डर्स काही बंद झालेल्या नाहीत. एका बिर्याणीबरोबर एक डबा, दोन वाट्या, एक चमचा आणि एक पिशवी येते. पूर्वी दिसत नव्हतं, आता विसळताना मोजलं जातं. तेवढ्यानेच महिन्यातल्या दोन-तीन ऑर्डर्स कमी झाल्या. एवढ्याने शहर वाचेल का? नाही वाचणार. त्यासाठी प्रकल्प नीट चालवणारी महापालिका हवी, मावशींना हातमोजे आणि वेळेवर पैसे हवेत, आणि फुरसुंगीच्या आजींना स्वच्छ पाणी हवं. पण ते सगळं मागायला जाताना आपली पिशवी तरी नीट बांधलेली असावी की नको?

करून बघा, टेन्शन नाही!

– डबे तीन: ओला, सुका, आणि एक छोटा सॅनिटरीसाठी. पॅड आणि डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. पुण्यातल्या कचरावेचकांनीच मागितलेली ही खूण. लाल ठिपका दिसला की त्या ते पुडकं उघडत नाहीत.

– फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा आणि हातात द्या, पिशवीत टाकू नका.

– पार्सलचे डबे विसळून सुक्यात. पिझ्झाच्या खोक्याचं कोरडं झाकण फाडून वेगळं ठेवा, त्याला भाव आहे.

– स्वतःचा फ्लॅट असेल तर सोसायटीत खतप्रकल्पाचा विषय काढा. पुणे महापालिकेत गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवणाऱ्यांना मिळकतकरात सवलतीची तरतूद आहे. पैशांचं नाव काढलं की मीटिंगमधले काका जागे होतात, स्वानुभव!

– ऑफिसच्या पॅन्ट्रीत एकच मोठा डबा असेल तर अ‍ॅडमिनला एक मेल टाका. कमाल काय होईल? उत्तर येणार नाही. मग दुसरा टाका.

– आणि कचरा नेणाऱ्या माणसाचं नाव विचारा. दोन वर्षं रोज बेल ऐकून मला माझ्या मावशींचं नाव माहीत नव्हतं.

परवा पुन्हा आमच्याकडे मंडळी जमली होती. पुन्हा एक ग्लास फुटला. (आमच्या ग्रुपला ग्लास धरता येत नाही, हे आता सिद्ध झालंय.) सकाळी बेल वाजल्यावर मी स्वतः दारात गेले. तीन डबे आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं, वर मोठ्या अक्षरात ‘काच’. मावशींनी पुडकं हातात घेऊन वाचलं आणि हसल्या.

“नीट बांधलंय की,” त्या म्हणाल्या. “पार्टी होती का काल?”

म्हटलं, “हो. चहा टाकलाय मावशी, घेऊनच जा.”